पिवळी नखं

कांचघर, जबलपूर
शनिवार, डिसेंबर १९४३, दिवेलागण

आज सूर तुटला. बारा वर्षं सॅक्सोफोन वाजवून राहिलो, लग्नाच्या बँडपासून गोऱ्यांच्या क्लबातल्या जॅझपर्यंत, पण असं कधी झालं नव्हतं. तालमीत लांब सूर धरला अन् अर्ध्यातच दम कोंडला. खोकलो तर रुमालावर रक्त. बँडवाले डिसोझा मास्तर मात्र माझ्या नखांकडे बघत होते. पिवळी नखं. कारखान्यात बॉम्बमध्ये दारू भरणाऱ्या आम्हा सगळ्यांचीच होतात.

"तेरे फेफड़े में भी यही जा रहा है," मास्तर म्हणाले. "मेरे साथ आसाम चल, फौज के लिए बजाएँगे. कारखाने से फौज के कप्तान साहब छुड़वा लेंगे." सोमवारी गाडी आहे. उद्या उत्तर द्यायचं.

घरी येऊन साबणानं नखं घासघास घासली. जात नाही तो रंग. बायकोपासून काय लपवणार? सुशीलेला रक्ताचं सांगितलं, आसामचंही.

"तिकडं बॉम्ब पडतात म्हणे," मी म्हटलं.

"अन् इथं तुम्ही काय भरून राहिले?" ती म्हणाली. "जा. जिवंत तर राहाल."

खाटेखालची ट्रंक ओढून ती माझ्या कपड्यांच्या घड्या करायला बसली. मग मला काहून भीती वाटून राहिली? जायचं तर ठरलंच. एक गोष्ट मात्र तिच्याजवळ बोललो नाही. मास्तरांचा आधीचा सॅक्सोफोनवाला आसामातून परत आला नाही, म्हणून ही जागा रिकामी आहे.