एकाच मतदाराची निवडणूक

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा दुसऱ्या देशांतल्या निवडणुका लोकांना जिंकून देणे (स्वतः कधीही उभा न राहता), हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी काल ती तपासली. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरलो आणि विचारले, "शून्याखालीही जाऊ का?" तेव्हा त्यांनी हात जोडले.

"कोणाच्याही दबावाला बळी न पडता" असे इथे लिहायची पद्धत आहे. वकीलबाई म्हणतात, ते वाक्य हवेच. मग खरे ते लिहितो. दबाव आला. महिनाभर आला, आणि फार उत्तम दर्जाचा होता. तो कुठून आला, कसा आला हे मी ओळखत होतो, कारण त्यातला बराचसा मीच शोधून काढलेला आहे.

हे सगळे एका घरासाठी. दोन मजली, पुढे पिवळे फाटक, वर दोन खोल्या आणि गच्ची, खाली स्वयंपाकघर आणि मी हल्ली जिथे पडून असतो ती मागची खोली. माझ्या थोरल्याला हे घर विकून आमच्या प्रचाराच्या कंपनीसाठी काचेच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर कचेरी घ्यायची आहे. माझी धाकटी नर्स आहे, नवरा सोडून गेला, सहा वर्षांची मुलगी आहे. तिच्या घरमालकाने महिनाअखेरपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितले आहे. तिला इथे राहायचे आहे. बाकी सगळी वाटणी एका चहात उरकण्यासारखी होती. तीच आधी उरकतो.

कलम १. मी कोण, हे नातवंडांना कळावे म्हणून. मी भिंती रंगवणारा होतो. एकोणिसाव्या वर्षी शिडीवर चढून एका उमेदवाराचे नाव रंगवत होतो. खाली दोन बायका बोलत होत्या. "नाव तेवढं मोठं काढलंय, आणि नळ कोरडा." मी खाली उतरलो आणि उमेदवाराला जाऊन म्हटले, "साहेब, नाव लहान करू, नळ काढू." साहेब दणक्यात निवडून आले. नळाला पाणी आले नाही, पण मला धंदा मिळाला. पुढे नऊ देश झाले. कुठल्याही देशात उतरलो की पहिले तीन दिवस मी न्हाव्याच्या दुकानात बसायचो. शेजारी दुभाषी हळू आवाजात सांगत असायचा. नवव्या देशापर्यंत डोक्यावरचे केस संपले, कान मात्र तयार झाले.

कलम २. माझ्या दुभाषी मित्राला माझा जाड तपकिरी कोट द्यावा. तो त्याचाच आहे. पहिल्या दिवशी विमानतळावर माझे दात वाजत होते म्हणून त्याने अंगावर घातला. परत करायला जरा उशीर झाला, सोळा वर्षे. खिशात एक चिठ्ठी आहे, ती मी लिहिली आहे, वाचून फाडावी.

कलम ३. आमच्या धंद्यातले एक गृहस्थ, त्यांना आम्ही निळा टाय म्हणत असू. त्यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे की मूक मोर्चाची कल्पना त्यांना बंदराजवळच्या हॉटेलातल्या बैठकीत सुचली. त्या बैठकीची माझ्याकडे टेप आहे. पहिल्या बाजूला ती कल्पना मी मांडतो आहे. दुसऱ्या बाजूला ते घोरत आहेत. टेप त्यांना द्यावी. टेपरेकॉर्डरही द्यावा, नाहीतर म्हणतील, ऐकायला यंत्रच नाही.

कलम ४. बेटांच्या देशात एक शाळामास्तरीण आमच्या उमेदवाराविरुद्ध उभी होती. तिच्याविरुद्ध बोलण्यासारखे काहीही सापडले नाही, म्हणून आम्ही नुसती कुजबुज सोडली की बाईंची तब्येत बरी नसते हो. ती हरली. आमचा उमेदवार तीन वर्षांत वारला. ती आता पंच्याऐंशीची आहे. परवा सायकलवरून पडली म्हणे, उठली, साखळी बसवली आणि पुढे गेली. मी इथे बिछान्यात आहे. माझी माफी कंपनीच्या कागदावर टाइप करून तिला पाठवावी. माझी चालायची काठी मात्र पाठवू नये, गैरसमज होईल.

कलम ५. कंपनी, तिचे नाव, फायलींचे कपाट आणि त्या कपाटाची हरवलेली किल्ली थोरल्याला. ती त्याने कष्टाने मिळवली आहे, म्हणजे कंपनी. बँकेतले जे काय असेल त्याचे तीन सारखे भाग : पत्नी, थोरला, धाकटी. कुणीही हिशेब पुन्हा तपासू नये, वकीलबाईंनी दोनदा तपासला आहे. रंगाचे ब्रश आणि भोंगा नातीला. भोंगा घरात वाजवू नये असे मी लिहिणार होतो, पण मग तो देण्यात अर्थ काय?

कलम ६. आता घर.

आयुष्यभर मी मतदार मोजले. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच मी स्वतः मतदार झालो, आणि तोही मतदारसंघात एकटा. थोरल्याने प्रचार उघडला तो एका वाक्याने. "बाबांचं नाव पुढे न्यायचंय." जेवताना हेच, औषध देताना हेच, फोनवर दुसऱ्याशी बोलतानासुद्धा मला ऐकू येईल असे हेच. तिसऱ्या दिवशी मी झोपेतून उठून तेच पुटपुटलो. मग भिंतीवर मोठा फोटो आला : मी, एक निवडून आलेले अध्यक्ष, आणि मागे हसणारा थोरला. त्या दिवशी तो त्या देशातच नव्हता. फोटोशास्त्र फार पुढे गेले आहे.

मग सूनबाई वही घेऊन आल्या. "बाबा, सहज विचारते हं. एक ते दहामध्ये, घरातल्या माणसांवर तुमचा विश्वास किती?" मी प्रत्येकाला सात दिले. त्यांचा चेहरा पडला. सगळ्यांना सात म्हणजे पाहणी वाया, हे त्यांना ठाऊक आहे. मीच शिकवले.

पण खरी कमाल न्हाव्याची. तो दाढी करायला घरी येतो. साबण लावता लावता म्हणाला, "ऐकलं ते खरं का साहेब? जावईबापू परत यायचं म्हणतात, घर मिळणार असेल तर." मी आरशात त्याच्याकडे पाहिले.

"कोणाकडून ऐकलंस?"

"लोक बोलतात."

"कुठले लोक?"

"साहेब, हलू नका, वस्तरा आहे."

कुजबुज न्हाव्याच्या तोंडून सोडायची, नाव कोणाचेच घ्यायचे नाही, शेवटी "लोक बोलतात". बेटांच्या देशात मी अक्षरशः हेच केले होते. खोटे सांगत नाही, डोळे भरून आले. न्हाव्याला वाटले साबण गेला.

धाकटीचा प्रचार असा. एका सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी आली, खुर्ची ओढून बसली.

"बाबा, घराबद्दल बोलायचं होतं. वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या तर..."

मी म्हटले, "थांब. मागणीने सुरुवात करायची नाही. आधी गोष्ट सांगायची. छोटी, एका माणसाची. मग मागणी."

ती म्हणाली, "गोष्ट तुम्हाला माहीत आहे, बाबा."

माझी गोळ्यांची डबी आठवडाभराची भरली आणि गेली. मी वहीत लिहिले : मांडणी कच्ची, पाठपुरावा नाही.

सबब, माझे राहते घर मी थोरल्याला देत आहे. निवडणूक त्याने जिंकली, आणि ती रीतसर जिंकली. धाकटी सांभाळून घेईल. ती नेहमीच घेते.

कलम ७. कलम ६ निकामी आहे. ते खोडलेले नाही, कारण वकीलबाई म्हणतात खाडाखोड दिसली की कोर्टाला संशय येतो. शिवाय माझी चूक माझ्याच अक्षरात राहिलेली बरी.

झाले ते असे. वकीलबाई परवा घराचे कागद काढायला सरकारी कचेरीत गेल्या आणि दुपारी परत आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. चांगली बातमी असली की त्या मागे टेकून बसतात.

"काका, हे घर तुम्हाला थोरल्याला देता येणार नाही."

"का? वारसांपैकी कोणी हरकत घेतली?"

"तुमचं नाहीये."

तेवीस वर्षांपूर्वीचे बक्षीसपत्र त्यांनी पुढे ठेवले. खाली माझी सही, घाईतली. वाचता वाचता आठवले. लांब पुलाच्या देशात आम्ही विरोधी उमेदवाराची खिल्ली उडवणारे एक पोस्टर लावले होते. त्याच्या वकिलाने कळवले की दावा लावून अंगावरच्या कपड्यांपर्यंत सगळे जप्त करू. मी घाबरलो आणि घर पत्नीच्या नावावर केले. पुढे तो निवडणूक हरला, दावा विसरला, आणि घराचे मी विसरलो. मी बैठकीत शेकडो वेळा सांगितले असेल की आमच्या धंद्यात सगळ्यात लाजिरवाणी चूक एकच : जीव तोडून प्रचार करायचा आणि मतदारसंघ भलताच निघायचा. महिनाभर या घरात तेच चालले होते, आणि ज्याच्यापुढे चालले होते तो मतदार यादीतच नव्हता.

मी काठी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही मटार सोलत होती.

"घर तुझ्या नावावर आहे," मी म्हटले.

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"अहो, कागद माझ्याच कपाटात आहेत. तुम्ही बॅग हातात घेऊन दारात उभे होतात, टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. म्हणालात, 'हे जरा ठेव.' मी ठेवलं."

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलं?" तिने एक शेंग फोडली. "रोज नवीन काहीतरी. एकदा फोटो, एकदा वही. मी म्हटलं, चालू दे, तुमचा वेळ बरा जातोय."

"थोरल्याने काम फार सफाईने केलं गं."

"केलं ना. बहिणीबद्दल न्हाव्याकडून वदवलं, तेही सफाईने." मटार भांड्यात पडले. "आणि तुम्हाला कौतुक वाटलं."

नऊ देशांत पत्रकारांनी घेरले तरी मला उत्तर सुचले आहे. इथे एवढेच म्हटले, "मला वाटलं, ती सांभाळून घेईल."

"जी सांभाळून घेते तिच्यावरच तुम्ही सगळं टाकता. तुम्ही परदेशी असताना बावीस वर्षं मी घेतलं, आता ती. तिने मला विचारलंय. तिला कागदबिगद काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी घर म्हणजे मी, एवढंच. पहिल्या तारखेपासून वरच्या खोल्यांत त्या दोघी राहतील. माझ्यामागे घर तिचं. वकीलबाईंना सांगितलंय, माझा कागद वेगळा करायला. विकायचं नाही."

थोरल्याला हे संध्याकाळी कळले. अर्ध्या तासात त्याने प्रचार हलवला. आईसाठी गुडघ्याचा पट्टा, मऊ चपला, आणि नवे वाक्य : "आईने आयुष्यभर केलं." ही म्हणाली, "ठेव तिथे. मतदान झालंय. आणि महिनाअखेरीस सामान उचलायला बहिणीकडे ये, टेम्पो घेऊन." तो येतो आहे. येताना न्हाव्याकडे जाऊन लोक आता काय बोलतात ते बदलून ये, असे मी त्याला सांगितले आहे. ते त्याला जमेल.

कलम ८. उरलो मी. मागच्या खोलीत, दुसऱ्याच्या घरात. मी हिला विचारले, "आणि माझं काय?"

"तुमचं अजून ठरलेलं नाही."

कुंपणावरच्या मतदाराला कसे वळवायचे यावर मी परिषदांत भाषणे दिली आहेत. त्यातले एकही मला आठवेना.

ती म्हणाली, "परक्या मुलखातल्या लोकांना तुम्ही किती आश्वासनं लिहून दिलीत. मला एक द्या. छोटं. पाळता येईल असं."

दोन दिवस मी कागद घेऊन बसलो होतो. "सर्वांगीण" लिहिले आणि खोडले. "कटिबद्ध" लिहिले आणि माझे मलाच हसू आले. आज सकाळी लिहून दिले ते असे : रोज सकाळचा चहा मी करीन, आणि तो पिऊन होईपर्यंत समोर बसून राहीन. फोन दुसऱ्या खोलीत.

तिने चष्मा लावून वाचले. दोनदा वाचले. "बघू," म्हणाली. "आठ दिवस बघते."

मृत्युपत्रातली कलमे लिहिणारा गेल्यावर लागू होतात, हे मला वकीलबाईंनी समजावले आहे. तरीही हे कलम आजपासून, मी जिवंत असतानाच, अमलात यावे. त्यांनी हरकत नोंदवली. मी ती ऐकून घेतली.

मृत्युपत्र करणार
(सही, या खेपेस सावकाश केलेली)

साक्षीदार पहिला, डॉक्टर : यांनी माझ्यासमोर सही केली. बुद्धी शाबूत. गॅसपाशी उभे राहिल्यास हरकत नाही, दहा मिनिटांहून जास्त नको.

साक्षीदार दुसरा, शेजारचे शिंपी : माझ्यासमोर सही केली. त्याआधी चहा दिला. साखर विसरले होते. वहिनींनी काही न बोलता प्यायला, म्हणून मीही प्यायलो.

ठिकाण : पत्नीचे घर, मागची खोली.
तारीख : पहिल्या तारखेला नऊ दिवस बाकी. चहाचा दिवस पहिला.