साधनाबाईंची शर्त

गोंडपिपरी
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रश्मी,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण अंगणवाडीतली पोरं मला बसू कुठे देतात! परसातल्या वालाच्या वेलाला पोपटाच्या शेंगा लागल्यात, पुण्याला येणारं कुणी सापडलं की पाठवते.

मागच्या आठवड्यात शेजारच्या खैरुनच्या कहकशाँचा निकाह झाला. मी बायकांत पडद्याआड बसले होते. काझींनी नवऱ्याने बायकोला द्यायची मेहेरची रक्कम वाचली, आणि मग चक्क शर्ती वाचल्या! शिलाईची कमाई कहकशाँचीच राहील. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी गेला तर तिला सोबत नेईल. नवरदेवाने सगळ्यांसमोर सही केली आणि कुणी नाक मुरडलं नाही.

मी खैरुनला विचारलं, "पोरगी सासरी जायच्या आधीच भांडण मांडलं का वो?"

"बाई, भांडण होऊ नये म्हनूनच तं लिहून घेतलं. मंग कोन कोनाले विचारते?"

तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरला. आपल्यात असं का नसतं? आपल्या बौद्धाचार्यांना गाठलं आणि म्हटलं, पंचशील झालं की दोन-चार शर्ती वाचाल का? ते हसले. "बाई, इथी प्रतिज्ञा घेतेत, सातबारा नाई वाचत."

मी काही गप्प बसणारी नाही. चंद्रपूरला एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, आपल्या लग्नात आधी केलेला असा करार कोर्टात टिकेलच असं नाही. पण माझ्या नावावरचं घर लग्नानंतरही माझंच. हे ऐकून मी खूश झाले, तोच त्या पुढे म्हणाल्या, मृत्युपत्र न करता गेलात तर मात्र मुलीबरोबर नवऱ्यालाही वाटा. बघ, एवढी वर्षं मी गावातल्या बायकांना शहाणपण शिकवते आणि हे मला ठाऊक नव्हतं!

आता तू म्हणशील, आई, या वयात ही चौकशी कशाला?

सरितामावशीचे दीर तुला आठवतात ना, नागभीडचे, रेल्वेतून रिटायर झालेले? त्यांनी मला विचारलंय. आजवर गुलाबभाऊ म्हणत आले, आता त्यातला भाऊ गाळायचा म्हटलं तर जीभ अडखळते. हसू नकोस.

मी त्यांना ताठ मानेने सांगितलं, घर मी आणि रश्मीच्या बाबांनी बांधलंय, मृत्युपत्रात ते रश्मीलाच लिहिणार. कबूल असेल तर पुढे बोलू.

"लिहा न," ते म्हणाले. "तिचंच आहे ते. पन बाई, तुमी पहिले गेल्या तं मी कुठी जाऊ?"

"काऊन? तुमचं घर हाय न नागभीडले."

"आमचा धम्मदीप म्हनते, लगन करा, पन घर पहिले माह्या नावानं करून द्या. मी हो म्हनलं. पोरगा आहे, त्याले भेव वाटते."

रश्मी, मी गावभर कायदा विचारत फिरले, पण माझं कसं वाचेल एवढंच विचारत होते. त्या माणसाला कुठे जागा राहील, हे मनातही आलं नव्हतं. फार लाज वाटली.

वकीलबाई म्हणतात, तोड आहे. घर तुझं, पण मी गेल्यावर त्यांना हयातभर तिथे राहायचा हक्क, असं मृत्युपत्रात लिहिता येतं. त्याला तुझी सही लागत नाही. पण उद्या मी नसताना तू या घरी येशील, तेव्हा आतून ते दार उघडतील. भिंतीवर तुझ्या बाबांचा फोटो असेल. कागद त्यांना तिथे राहू देईल, पण तू त्यांच्याशी बोलावंस, एक कप चहा त्यांच्यासोबत घ्यावास, हे कुठला वकील लिहून देणार? तुला ते जड जाणार असेल, तर त्यांनी आपलं घर पोराला देऊन इथे यावं असं मी म्हणणार नाही. ते नागभीडला राहतील, मी इथे.

मला हे लग्न हवं आहे, रश्मी. एवढं एक वाक्य लिहायला धीर होईना, म्हणून निकाहापासून सुरुवात केली. फोनवर तर जमलंच नसतं.

घाई करू नकोस. उत्तर 'हो' असलं तर फोन कर. 'नाही' असलं तर पत्र लिही, म्हणजे माझा आवाज तुला ऐकावा लागणार नाही.

काहीही लिहिलंस तरी तुझीच,
आई