तुझा मेद आणि आमचे तूप

कल्याण, माघ वद्य पंचमी, शके १८०८

प्रिय श्रीपाद,

गेले बावीस दिवस माझ्या वरणभातावर तूप नाही. बावीस! न्याय शिकलेल्या माणसाने ओरडण्याआधी कारण शोधावे, म्हणून शोधले, आणि ते ठाण्यात तुझ्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. एका गरीब शास्त्र्याचे पान कोरडे करणे कोणत्या स्मृतीत बसते, ते उलटटपाली कळव.

अर्बुदावरचा, म्हणजे अंगात वाढणाऱ्या गाठीवरचा, तुझा मासिकातला लेख मी रामाच्या देवळात मोठ्याने वाचला, ही माझी चूक. तू लिहिलेस ते सरळ होते. गाठीचा पातळ काप घेऊन त्यावर आम्ल घातले की मेदाचे थेंब काळे होऊन दिसतात, आणि निरोगी मांसापेक्षा तिथे ते पुष्कळ अधिक असतात. ही गाठ अंगातला मेद खाते, की स्वतःच घडवते, हे 'अजून ठाऊक नाही', असे तू दोनदा लिहिलेस. मी दोन्ही वेळा वाचले. पण माझे वाचून होते न होते तोच मिठागरवाले काळुराम पाटील मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे शास्त्रीबुवा, तूप खाल्लं की गाठ धरते! सरळ सांगा की!" आमचे वैद्यबुवा, जे तू मुडदे फाडतोस म्हणून दहा वर्षे तुझ्या हातचे पाणी पीत नाहीत, ते एकदम तुझे शिष्य झाले. "स्निग्ध वर्ज्य. आमच्या ग्रंथांत आहेच हे." आहे कुठे? पान दाखवा म्हटले असते, तर बुवांना पोथी उघडावी लागली असती, आणि तो त्रास त्यांनी कधी घेतलेला नाही.

मी तसे म्हटले नाही. संताप त्याचाच येतो. मी आवाज चढवून, मेदापासून अर्बुद होते हे आपले पूर्वज केव्हाच सांगून गेले, असे दोन श्लोक ठोकले आणि वाहवा घेऊन घरी आलो.

बायकांच्या बाजूला आमचे कुटुंब कमळा आणि माझी वडील बहीण गंगूआक्का बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून तूप बंद. मग दूध. मग भाजीतले तेल. मी चिडलो, तर कमळा म्हणाली, "तुम्हांलाही नकोच ते. भाऊजींनी डोळ्यांनी पाहिलंय." एखादे व्रत असेल म्हणून मी थट्टा केली. उलट तीच मला विचारू लागली: ती गाठ कुणाची होती? बाईची का? थेंब काळे पडतात म्हणजे गाठ जळते का? ती बाई अजून आहे का? मी म्हटले, तुला आता डॉक्टरीण व्हायचे आहे वाटते! ती हसली. आता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात, आणि पाण्याची कळशी उचलताना ती मध्येच खाली ठेवते.

देवळात वाहवा एकाने घ्यायची आणि उपाशी दुसरीने राहायचे, हा कुठला न्याय रे? काळुराम काल भेटला, खुशाल बासुंदी खाऊन आला होता. वैद्यबुवांचे पोट तर तू पाहिलेच आहेस. माझ्या घरात मात्र त्या दोघांचे ऐकून आणि माझे श्लोक प्रमाण मानून एक माणूस रोज वाळत चालले आहे. मी खा म्हणतो, तर ऐकत नाही.

काल गंगूआक्काने मला मागच्या दारी बोलावून सांगितले. कमळाच्या डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ आहे. दिवाळीपासून. तिने ती कुणाला दाखवलेली नाही, आणि मला सांगायचे नाही अशी आक्काला शपथ घातली होती. ते ऐकल्यापासून मी तिच्याशी त्याबद्दल एक शब्द बोललेलो नाही. पत्र मिळताच नीघ. तू सांगितलेस तर ती जेवेल, आणि आक्का जवळ बसली तर तुला गाठ पाहू देईल. तुझ्या कापांतल्या बायकांपैकी किती जगल्या, हे मी आजवर तुला विचारलेले नाही. आता विचारायचे आहे, पण ते तोंडीच सांग, पत्रात लिहू नकोस. श्रीपाद, मला फार भीती वाटते आहे.

तुझाच,
परशुराम