उत्तरेची खूण

१६ नोव्हेंबर
परत तेच. रात्री काढलेले सगळे फोटो वाया. मृगातले तारे गोल यायच्या ऐवजी तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. मधला एक बरा, कडेचे सगळे वाकडे. ताऱ्यांच्या मागे मागे दुर्बीण हळूहळू फिरवायची, एवढं एकच काम आहे या माउंटला. तेवढंही होत नाही मेल्याला.
सकाळी क्लासवर डोळे चुरचुरत होते. बारावीला घर्षण शिकवलं. कुणी काही विचारलं नाही हे बरं झालं.

१८ नोव्हें.
दुर्बीण उतरवून वजनं परत लावली. दोन्ही बाजू अगदी तोलून. लोंबणाऱ्या वायरी माउंटला बांधून टाकल्या, म्हणजे ओढ बसायला नको. काडीचा फरक नाही.
वेळही फार नाही. दिवाळीत शीतल म्हणाला, "अक्का, हा हिवाळा तुझा. होळी झाल्याबिगर पिलरला हात लावत न्हाय." भावाने एवढं म्हटलं, पुष्कळ झालं. होळीनंतर गच्चीवर त्याचा मजला चढणार, पोराचं लग्न ठरलंय. पुढच्या मजल्यासाठी गज बाहेर ठेवून सोडलेले पिलर आहेत, त्यातल्या एकाच्या डोक्यावर जाड लोखंडी प्लेट ठोकून मी माउंट बसवलाय. मजला आला की माझं ठाणं गेलं. तक्रार नाही. त्याआधी मृगातला तो काळा घोडा, घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा धुळीचा ढग, एकदा नीट मिळावा, बस्स. इतके हिवाळे गच्चीवर काढले आणि भिंतीवर लावावा असा एक फोटो नाही माझ्याकडे.

२१ नोव्हें.
कांबळे सरांवर उगाच डाफरले. आमच्याच क्लासवर गणित शिकवतात, आकाशाचं वेड, स्वतःची दुर्बीण नाही. मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, कडंचे तारे मधल्याभोवती फिरल्यागत दिसत्यात. माउंटची उत्तर दिशा तपासलासा का?"
म्हटलं, सर, उत्तर सोडून बोला.
उत्तरेवर माझा एवढा जीव का ते त्यांना काय ठाऊक. माउंटचा आस ध्रुवाकडे रोखला तरच तो ताऱ्यांच्या मागे नीट फिरतो. राजारामपुरीतनं ध्रुव तसाही खाली, आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बरोबर त्याच्यावर. दिसतच नाही. म्हणून माउंट बसवला तेव्हा तारे कुठे सरकतात ते बघत बघत, रोज केसभर फिरवत, उत्तर काढली होती. आठवडा गेला. मग माउंटवरून खाली प्लेटवर अशी वहिनीच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढली. रोज संध्याकाळी वर गेल्यावर पहिलं काम, रेघ बघायची. रेघ जुळते. म्हणजे उत्तर बरोबर. संपला विषय.

२६ नोव्हें.
माउंट उघडला. गिअरमधलं जुनं ग्रीस पुसून नवं भरलं, दात्यांमधली ढिलाई काढली. आधीपेक्षा वाईट! माउंट ताऱ्यामागे नीट चाललाय का ते बघणाऱ्या गाइड कॅमेऱ्याचा आलेखही आता दात विचकतो.
"अक्का, जेवून घ्या, दिवस मावळाय लागला." वहिनीची रोजची हाक. जैनाचं घर, दिवस मावळला की अन्नच काय, पाणीसुद्धा नाही. मीही जेवते खाली त्यांच्याबरोबर, मुकाट्याने. पाप ते नंतर, वर थर्मासमधल्या चहाचं.
माउंटच्या झाकणावर सिमेंटची पूड होती. विचारलं तर वहिनी म्हणाली, "टाकी धुवायला माणसं आलती की." टाकी धुताना सिमेंट कुठलं? असेल काही.

९ डिसें.
चांदणं होतं म्हणून मध्ये बंद ठेवलं होतं. काल परत सुरू. परत तांदूळ.
आकाशवेड्यांच्या ग्रुपवर आलेख टाकला. पुण्याचा एक जण म्हणे, गिअर गेला, विकून टाका. विकायला मुळा-मेथीच आहे ना.
खरं सांगायचं तर आता स्वतःवरच शंका येते. अंधारात स्क्रू पिळताना बोटं थरथरतात. एकोणपन्नास. हातच गेला असेल माझा, माउंटचा काय दोष.
शीतल जिन्यात भेटला. "जमंना व्हय अजून? सोड की अक्का, किती जीव काढतीस." बरं वाटलं. या घरात निदान एकाने तरी विचारलं.

१३ डिसें.
संध्याकाळी कांबळे सरांना मुद्दाम वर बोलावलं. त्यांचं तोंड एकदाचं बंद करायचं होतं. म्हटलं, या, डोळ्यांनी बघा माझी उत्तर.
दक्षिणेला चढलेला एक तारा धरला, गाइडिंग बंद केलं आणि नुसतं बघत बसलो. उत्तर बरोबर असेल तर तारा वर-खाली सरकत नाही. सरकला. सरकला कसला, पळाला. चहा कपात ओतेपर्यंत पडद्यावरच्या आडव्या रेघेबाहेर. दुसरा धरला. तोही.
उत्तर चुकलीय. थोडीथोडकी नाही, अंशाच्या वर.
सर "मी म्हणत नव्हतो का" म्हणाले नाहीत. "थर्मासमधला च्या हाय का अजून?" एवढंच म्हणाले. उपकार वाटले मला.

१४ डिसें., रविवार
उजेडात बघितलं. लाल रेघ जशीच्या तशी, जुळलेली. आणि तिच्या खाली अख्खी प्लेटच पिलरवर फिरलेली! बोल्टची भोकं मीच लांबट करून घेतली होती, बसवताना हलवता यावं म्हणून. नटाच्या बाजूला बिनगंजाची चकचकीत चंद्रकोर उघडी पडलीय, आणि नटांवर पान्याचे ताजे ओरखडे.
रेघ मी माउंट आणि प्लेटवर ओढली होती. प्लेट आणि पिलरवर नाही. दोन्ही मिळून फिरले तर रेघ जुळणारच. महिनाभर रोज मी ती बघायचे आणि खूश व्हायचे. आणि ही बाई पोरांना सापेक्ष गती शिकवते.
पण बोल्ट आपोआप सुटत नाहीत. खाली जाऊन वहिनीला सरळ विचारलं. तिने भाजी चिरायची थांबवलीही नाही.
"इंजिनेर आलते, पिलरचं डोकं बघायला. तीनदा आले. तुमी क्लासला होता. खोलून बघितलं आनी परत बसवलं की हो, टाकून दिलं न्हाय काय. संगं आलेल्या वास्तूवाल्यांनी सोता होकायंत्र लावून उत्तर धरून दिली. म्हणले, आदीचीच वाकडी हुती."
होकायंत्र! चारी बाजूंनी लोखंडी गज उभे, खाली लोखंडी प्लेट, आणि मधोमध होकायंत्र. ते बिचारं गजांकडेच बघणार. आणि त्याच्यावर माझा महिना गेला. ग्रीस काय, वजनं काय, माझे हात काय!

१५ डिसें.
शीतलशी बोलले. बोलले म्हणजे मीच.
तो म्हणाला, "फकस्त बघून घेतलं, अक्का. तुला कळू नये म्हणून तर यवढं नीट बसवाय लावलं. तुझं नुकसान व्हावं असं वाटलं का मला कधी?"
नाही वाटलं. तेच तर. शिव्या तरी द्याव्यात अशी सोय ठेवली नाही याने.
काम कधी सुरू? म्हणाला, "एक तारखंपास्नं. पोरीकडच्यांना मजला आदी बघायचाय."
हे कधी ठरलं?
वहिनी आतून म्हणाली, "दिवाळीच्या आदीच ठरलं की हो."
म्हणजे ज्या तोंडाने "हा हिवाळा तुझा" म्हणाला, त्याच तोंडाने त्यांना होकार देऊन आला होता. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेणारा माणूस. जिन्यात "किती जीव काढतीस" म्हणाला तेव्हा त्याला ठाऊक होतं जीव कशात अडकलाय ते. आणि मी त्यावर खूश होऊन वर गेले होते, हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.
"मग मला का नाही सांगितलंस?"
"तुला सांगून तू रडत बसली असतीस."
रडले नाही. रडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

१९ डिसें.
उत्तर परत काढली. या वेळी तीन संध्याकाळीच लागल्या, हात बरा निघाला म्हणायचा. कांबळे सर आलेख बघून सांगत होते, मी प्लेट हलवत होते. "जरा हिकडं. जरा. बास बास बास!"
काल फोटो. तारे गोल. कडेपर्यंत गोल, मोहरीसारखे. आणि मधोमध तो काळा घोडा, मान वळवून. अजून चार-पाच रात्री मिळाल्या तर भिंतीवर लावण्यासारखा होईल. होळीपर्यंतचा हिवाळा मिळाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय. करतेच आहे.
शीतलला दाखवला नाही. त्याने विचारलं होतं.

२२ डिसें.
सकाळी विटा आल्या. वाळू बोळात पडलीय, रिक्षावाले ओरडतात.
दुपारी शीतल वर आला. तसा तो गच्चीवर येत नाही कधी. माउंटभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "नव्या मजल्याच्या वर बी पिलर सोडाय लावलोय. इंजिनेरला सांगून आलो. तिथं बसव तुझं. त्या टाकीच्या वरनं ध्रुव दिसंल बघ."
मी मनात हिशेब केला. बरोबर आहे, दिसेल. इतकी वर्षं जो दिसला नाही तो चक्क डोळ्यांसमोर येईल. याने हे एकट्याने बसून काढलं असणार, कुणी सांगितलं नसणार. घट्टच असलेला एक नट परत आवळला. रागच असावा.
विचारलं, "तिथं जायला जिना बाहेरनं ठेवणार, का पोराच्या हॉलमधनं?"
"बघू की," म्हणाला आणि खाली गेला.
संध्याकाळी वहिनीकडून नेलपॉलिश मागून आणलं. या वेळी रेघ प्लेटवरून खाली पिलरवर आणली, चांगली वीतभर. एक तारखेनंतर ती सिमेंटच्या आत जाणार हे कळतं मला. तरी ओढली.
प्लेट काढायला शीतल माणूस पाठवतो म्हणाला. नको म्हटलं. पाना माझ्याकडे आहे. आकाश आज स्वच्छ आहे, मृग थोड्या वेळात टाकीच्या उजवीकडून वर येईल. बोल्ट अजून सोडलेले नाहीत.