शंभरपैकी अठ्ठ्याण्णव

३ डिसेंबर, बुधवार

यादी! आली पुन्हा यादी! संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं, बसा म्हणाले नाहीत. वर्षातल्या मालिकांचे सर्वोत्तम दहा सीझन, मंगळवारपर्यंत. "आणि बाई, यंदा एक तरी असा हवा, जो दुसऱ्या कुणाच्याच यादीत नाही. नाहीतर पुढच्या वर्षापासून वाचकांचीच मतं छापू. तुमचं सदर मग..." पुढचं वाक्य त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं.

अकरा वर्षांचं सदर!

५ डिसेंबर, शुक्रवार

इथे तरी खरं लिहावं. मी मालिका बघत नाही! पहिला भाग बघते, शेवटचा पळवत बघते. मधलं सगळं सासूबाई बघतात. दर वर्षी आम्ही दोघी मटार सोलायला बसतो, त्या बोलतात, मी लक्षात ठेवते आणि रविवारच्या पुरवणीत छापून येतं. लोक म्हणतात, काय बारीक नजर! नजर त्यांची, नाव माझं.

यंदा सासूबाई सोळा तारखेपर्यंत नणंदेकडे. फोन करावा, तर तीही सोय नाही. डॉक्टरांनी डोळ्यांसाठी त्यांचा टीव्ही बंद केलाय, आणि नणंदेला वाटतं तो खरंच बंद आहे. ती शेजारी बसलेली असताना मालिकांचा म काढता येत नाही. आज विचारून पाहिलं. "हो गं, वाचन चाललंय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

६ डिसेंबर, शनिवार

स्वतःच बघायचं ठरवलं. चहा, बिस्किटं, पांघरूण, सगळी जय्यत तयारी. पासवर्ड चालेना! पासवर्ड थोरल्या दिरांचा. गेल्या आठवड्यात नवऱ्याने त्यांची गाडी खांबाला घासली, तेव्हापासून दोघांत अबोला. "दादाला मी विचारणार नाही," नवरा म्हणाला. दुष्काळात तेरावा महिना.

८ डिसेंबर, सोमवार

सासूबाईंचं कपाट उघडलं. न विचारता! शालीच्या घडीखाली वही. चौकटीची, शाळेतली. त्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका, त्यामुळे प्रत्येक सीझनला शंभरपैकी गुण. आजवर एकाहत्तरच्या वर कुणी गेलेलं नाही.

सरळ गुणांच्या पानांवर गेले.

'साक्षीदार गैरहजर', सीझन तीन: ४४. "वकीलबाई हुशार. पण सगळी गुपितं दार उघडं ठेवून बोलते."

'उसनं आडनाव', सीझन एक: ६२. "नायिका छान रडते. कशासाठी, ते तिलाही माहीत नसावं."

आणि शेवटी 'लिफ्ट बंद आहे', सीझन दोन: ९८!!

पहिल्या सीझनचा शेवट मीही पाहिला होता. इमारतीचा चेअरमन बेपत्ता, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली. दार फोडतात, सगळे रहिवासी आत डोकावतात, सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. आणि संपलं! आत काय, ते दाखवलंच नाही. दुसरा कधी आला कळलंही नाही. वहीत मात्र सहाही भाग तपशीलवार. पाचव्यात म्हणे चौथ्या मजल्यावरची शिंपीणबाई शिलाई मशीन थांबवते, आणि तेव्हा कुठे लिफ्टमधला आवाज ऐकू येतो. अंगावर काटा आला. सहाव्याखाली एवढंच: "शेवट इथे लिहीत नाही. या घरात वह्या वाचल्या जातात."

टोमणा कुणाला, ते कळलं. पण पहिला नंबर मिळाला!

९ डिसेंबर, मंगळवार

दिला लेख. "एका बैठकीत पाहिला, मध्ये पाणी प्यायलाही उठले नाही" असं ठोकून दिलं. शेवटाबद्दल लिहिलं, "तो सांगून वाचकांचा रस घालवणार नाही." संपादक खूश. चहा मागवला.

१५ डिसेंबर, सोमवार

काल छापून आलं. आज ऑफिसात माझाच बोलबाला! क्रीडा पानाचा उपसंपादक: "पाचवा भाग! ते मशीन थांबतं ना... मार डाला!" जाहिरात विभागातली: "मला आठव्यात जरा रेंगाळल्यासारखा वाटला." (आठव्यात? भाग तर सहाच. असेल बाई.) संपादक सगळ्यांदेखत म्हणाले, "मी तर दोनदा पाहिला." संध्याकाळी दाताच्या डॉक्टरांकडे. माझ्या तोंडात दोन बोटं घालून म्हणाले, "शेवट मी आधीच ओळखला होता."

१६ डिसेंबर, मंगळवार

सासूबाई आल्या. बॅग ठेवली, चपला काढल्या, आधी पुरवणी मागितली. वाचली. पुन्हा वाचली. मग हसू लागल्या, इतकं की डोळ्यांतून पाणी.

"अगं, हा सीझन आलाच नाही! चॅनेलने मालिका बंद केली. हा मी केलाय."

"तुम्ही?"

"मग काय! मेल्यांनी दार उघडलं आणि तसंच सोडून गेले. मला चैन पडेल का? उन्हाळ्यात पाय मोडून पडले होते, तेव्हा रोज दुपारी एकेक भाग रचला. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय की. शेवटचा सीझन आमचा, घरचा."

वही आणली. पहिलं पान. लिहिलंय! ठसठशीत, लाल शाईत. मी वहीचाही पहिला भाग सोडून पुढे पळाले होते.

"पण अठ्ठ्याण्णव?" मी विचारलं.

"स्वतःला शंभर कसे देणार?"

१७ डिसेंबर, बुधवार

कार्ड आलं. दर वर्षी येतं, एका निवृत्त पोस्टमास्तरांचं. "बाई, आपली यादी हातात घेऊनच आम्ही दोघं मालिका बघतो. 'लिफ्ट'चा दुसरा सीझन कुठेही सापडत नाही. पत्नी अंथरुणाला खिळलेली आहे. पहिला संपल्यापासून ती रोज विचारते, आत काय होतं. कुठे बघता येईल, कृपया कळवावे."

सगळ्या गावाने पाहिलेला सीझन या एका माणसाला सापडला नाही. लाज वाटली. नुसती नाही, खूप वाटली. सासूबाईंना कार्ड दाखवलं. त्या आज हसल्या नाहीत.

१८ डिसेंबर, गुरुवार

खुलासा लिहून नेला. सगळंच लिहिलं, सीझनचं, वहीचं, अकरा वर्षांच्या मटारांचं. संपादकांनी वाचला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"हे छापायचं नाही!"

"सर, तो सीझनच नाही."

"बाई, मी दोनदा पाहिलाय! मालकांना सांगितलंय! मालकांनीही पाहिलाय!"

मी म्हटलं, सदर बंद करा हवं तर, पण हे छापा. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी दोनदा पाहिला, हे त्यात नाही ना?"

"नाही."

"मग द्या."

२१ डिसेंबर, रविवार

छापला. खाली दोघींची नावं, सासूबाईंचं आधी. सदराचं काय, ते नव्या वर्षात कळेल. नणंदेचा सकाळी आठलाच फोन: "आई टीव्ही बघते?!"

क्रीडा पानाच्या उपसंपादकाचा निरोप: "मला आधीच शंका होती."

२३ डिसेंबर, मंगळवार

दुपारी फोन. 'लिफ्ट बंद आहे'ची लेखिका! मला वाटलं, आता वकिलाची नोटीस. तर हळूच म्हणाली, "आत काय ते आम्हालाच सुचेना हो, म्हणून तर मालिका बंद पडली. तुमच्या सासूबाई सांगतील का?"

फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सांगेन. पण आधी एका पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन यायचंय. त्यानंतर तुम्ही."

"आणि मी?" मी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "तू चल की बरोबर. पण पहिल्या भागापासून सांगणार आहे. मध्ये उठायचं नाही."