चष्म्याच्या घरातली कॅप

ठमे,

दाताच्या डॉक्टरांकडे जातोय. दाढेवरची तात्पुरती कॅप काल पाव खाताना निघाली, तेव्हापासून दाढ ठणकतेय. डॉक्टर फोनवर म्हणाले, "कॅप घेऊन या, तीच परत बसवतो." हरवू नये म्हणून मी ती तुझ्या आईच्या चष्म्याच्या घरात ठेवली होती. आई गेल्यापासून त्याला कोणी हात लावत नाही, असा माझा समज होता.

आज सकाळी बघतो तर फळी लख्ख पुसलेली आणि चष्म्याचं घर गायब. तुला विचारलं, तर "कुठलं घर, बाबा?" म्हणालीस आणि नळ मोठा सोडलास. आधी तिच्या चपला गेल्या, मग कंगवा. तेव्हाही तुला काही ठाऊक नव्हतं. माझे दात गेले असतील, डोळे शाबूत आहेत. तुझ्या कपाटाला हल्ली कुलूप असतं, तेही दिसतं.

टाकलं असशील तर सांग. जवळ ठेवलं असशील तर तेही सांग, मी रागावणार नाही.

जेवायला काहीतरी मऊ कर. कॅप मिळाली नाही तरी चालेल, ती तात्पुरतीच होती. चष्म्याचं घर तेवढं मी येईपर्यंत फळीवर दिसू दे.

बाबा