न उलटलेलं पान

पांढुर्णा,
६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आजोबांस,
नात ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला दिसावं म्हणून स्केचपेनने ठळक लिहिते आहे. गौरवदादासोबत सौंसरला ई-रीडर पाठवते. मोबाइल समजून नाक मुरडू नका. याचा उजेड डोळ्यांत घुसत नाही. काळ्या-पांढऱ्या शाईचे बारीक कण सरकून अक्षरं उमटतात. उन्हात तर अधिकच छान दिसतं. अक्षर हवं तेवढं मोठं करा.

दिवाळीत तुम्ही लग्नपत्रिका हात लांब करकरून बघत होतात, माझ्या नजरेतून सुटलं नाही. पण आजी म्हणते, तुम्ही रोज दुपारी तिला अजून वाचून दाखवता. खरं काय ते कळवा.

संत्र्याच्या आंबिया बहरासारखा लोभही यंदा भरपूर धरावा.
तुमची ऋतुजा

सौंसर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा हिस, अ. उ. आ.

तुझी पाटी पोचली. वर झाडाचं चित्र चिकटवलंय असं समजून मी ते नखाने सोलायला बसलो! बटण बंद, तरी चित्र जागचं हलेना. गौरव हसून बेजार. म्हणाला, यात पान बदलायलाच काय ती वीज लागते. चाळीस वर्षं फळ्यावर खडू घासला, पण अशी शाई पाहिली नव्हती. भर उन्हात संत्र्याखाली बसून वाचलं. धन्य त्या बनवणाऱ्याची!

आता खरं सांगतो. दोन वर्षांपासून छापील अक्षर दिसत नाही. तुझ्या आजीला कळलं तर ती खचेल, म्हणून पुस्तक हातात धरून पाठ असलेल्या गोष्टीच म्हणत होतो. तिला कळू देऊ नकोस. मी न वाचलेली पुस्तकं तेवढी पाठव.

आशीर्वाद भरपूर आहेत, हात राखून वापरू नकोस.
तुझा आजोबा श्रीधर

सौंसर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजास, आजीचे अ. उ. आ.

यांना न सांगता लिहून राहिली. तुझे आजोबा दोन वर्षं पुस्तक हातात धरत, पण पान उलटायचंच विसरत. हरवलेल्या बैलाची गोष्ट तर पंधरा वेळा ऐकली. दर वेळी तूर निवडता निवडता मी नव्यानं हसली. टोकलं असतं तर त्यांनी पुस्तकच ठेवून दिलं असतं. मला माहीत होतं, हे त्यांना कधी सांगू नको.

काल यांनी पाटीवरून नवीन गोष्ट वाचली. अडखळत, चष्मा पुसत वाचली. सुपातली तूर तशीच राहिली. पुढं काय होणार हे मला माहीत नव्हतं, अन् दोन वर्षांत पहिल्यांदा यांनाही नव्हतं.

माया आहे तशीच राहू दे, पोरी.
तुझी आजी उषा